पथारीवरची मिरची आणि बरणीतली मिरची



दिवाळीनंतर आभाळ भरून आलं की नंदुरबारात सगळ्यांची नजर पथारीकडे जाते. बाजार समितीत आलेली ओली लाल मिरची व्यापारी घेतात आणि शहराबाहेरच्या मोकळ्या रानात पसरून वाळवतात. तिलाच आपण पथारी म्हणतो. देठ खुडायला आलेल्या बायाबापड्यांचा रोजही त्यावरच. एक अवकाळी सर आली की माल, मजुरी, भाव सगळंच भिजतं.

गेल्या हंगामात शेवटच्या तोड्याची दोन क्विंटल मिरची मी घरच्या खळ्यावर घातली होती. पाऊस आला, ताडपत्री टाकली. आत घाम धरला आणि तिसऱ्या दिवशी बुरशी दिसली. निम्मी मिरची उकिरड्यावर गेली. त्याच तोड्यातली पाच किलो आईने पाऊस यायच्या आधीच मीठ-लसूण घालून बरणीत भरली होती. ती आखाजीपर्यंत पुरली. तेव्हापासून डोक्यात एकच प्रश्न आहे: आपण फक्त उन्हावरच का विसंबलो?

थोडं मागे जाऊ. मिरची आपली नाही, मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेकडची. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर ती युरोपात गेली. वास्को द गामा १४९८ ला कालिकतला उतरला, १५१० ला पोर्तुगीजांनी गोवा घेतलं, आणि त्यांच्या जहाजांतून ती आपल्या किनाऱ्यावर आली. त्याआधी आपल्या जेवणात तिखट म्हणजे मिरी, पिंपळी आणि आलं. संस्कृतात मरिच म्हणजे काळी मिरी. त्यावरूनच नव्या पाहुणीचं नाव मिरची पडलं. अकबराच्या काळात, १५९० च्या दशकात लिहिलेल्या ऐन-इ-अकबरीत शाही स्वयंपाकघराचे जिन्नस मोजून दिलेत. त्यात मिरी आहे, आलं आहे, मिरची नाही. म्हणजे जिच्याशिवाय आज आपला घास उतरत नाही, ती चारशे वर्षांपूर्वी अकबराच्या शाही स्वयंपाकघराच्या यादीतही नव्हती.

नंदुरबार तेव्हा सुरत-बऱ्हाणपूर वाटेवरचं गाव होतं. पुढे १९०० च्या सुमारास ताप्ती खोऱ्याची रेल्वे सुरतेहून इथून पुढे गेली. लांबच्या बाजाराला वाळलेला मालच परवडतो. शंभर किलो ओली मिरची वाळून पंचवीस-तीस किलो होते, पोत्यात दाबून भरता येते, वर्षभर टिकते. त्या हिशोबात ऊन फुकट होतं. म्हणून व्यापार वाळवणीचा झाला आणि मिठातली मिरची चुलीपाशीच राहिली.

पण मिठाचा व्यापार झालाच नाही असं नाही. अमेरिकेत लुईझियानातल्या एव्हरी बेटावर एडमंड मॅकिलहेनी यांनी १८६९ ला मिरचीचा सॉस विकायला सुरुवात केली. आजचा टबॅस्को तोच. तिथे पिकलेली लाल मिरची तोडली त्याच दिवशी वाटून मिठात घालतात, लाकडी पिंपात तीन वर्षांपर्यंत मुरवतात, मग व्हिनेगर मिसळून गाळतात. मुळात आपल्या आईच्या बरणीतली गोष्ट. सोलापूर-मराठवाड्याकडे तिला रंजका म्हणतात.

आता यातलं शास्त्र. वाळवणीत आपण पाणी काढतो. ओलावा दहा-अकरा टक्क्यांवर आला की बुरशी थांबते. मध्येच पाऊस आला तर अफ्लाटॉक्सिनचा धोका. ते विष भाजून किंवा शिजवून जात नाही. मिठात पाणी तसंच राहतं, पण मीठ सडवणाऱ्या जंतूंना आवरतं आणि दह्यातल्यासारखे आंबवणारे जिवाणू आम्ल तयार करतात. सामू ४.६ च्या खाली असला पाहिजे, ४ च्या आसपास आला तर उत्तम. सामू तपासायच्या पट्ट्या मिळतात.

आमच्या घरचं प्रमाण: एक किलो पिकलेली, टणक लाल मिरची. देठासकट धुवायची, फडक्यावर पूर्ण कोरडी करायची, मग देठ काढायचे. आधी देठ काढले तर आत पाणी शिरतं. शंभर ग्रॅम मीठ, शंभर ग्रॅम लसूण घालून जाडसर वाटायचं. कोरड्या काचेच्या बरणीत वर जागा ठेवून भरायचं, झाकण सैल. आठवडाभर रोज कोरड्या चमच्याने हलवायचं, म्हणजे वर बुरशी धरत नाही. मग पाच-सहा लिंबांचा रस, भाजलेल्या मेथी-मोहरीची पूड. पातळ सॉस हवा असेल तर व्हिनेगर घालून वाटायचा आणि गाळायचा. फटकी, डागाळलेली किंवा भिजलेली मिरची यात चालणार नाही. मीठ खराब माल सुधारत नाही, चांगला माल वाचवतं.

यातून पथारी सुटणार नाही, हे मलाही कळतं. बाजारात येणारी मिरची बरण्यांत मावणारी नाही. पण शेवटचे एक-दोन तोडे, भाव पडलेला आठवडा, आभाळ भरलेली दुपार, एवढ्यापुरता तरी बचत गटांच्या हातात दुसरा रस्ता हवा. विकायचं तर अन्न परवाना आणि तपासणी करूनच.

यंदा मी आभाळ भरायची वाट बघणार नाही. पहिल्याच चांगल्या तोड्यातून वीस किलो बाजूला काढणार आहे. तुमच्याकडे याला काय म्हणतात आणि मीठ किती घालता, नक्की सांगा.