मटण चिवट का राहते आणि मऊ कसे होते?

आषाढ संपत आला की नाशिकमध्ये मटणाच्या दुकानांपुढे रांगा लागतात. श्रावण पाळणारी घरे त्याआधी काळ्या मसाल्याचा रस्सा आणि भाकरीचा बेत उरकून घेतात. मात्र एकाच दुकानातले मटण कधी लवकर शिजते, तर कधी तासाभरानंतरही चिवट राहते. याची कारणे मांसाच्या रचनेत आहेत.

चिवटपणा कशामुळे?
जो स्नायू जास्त राबतो, त्यात कोलॅजेन हे प्रथिन जास्त असते. म्हणून मान, खांदा आणि पायाचे मांस चिवट असते. जनावराचे वय वाढते तसे कोलॅजेनचे धागे एकमेकांना अधिक घट्ट जोडले जातात. जून मटण शिजायला वेळ लागतो तो यामुळेच. शिवाय कापल्यानंतर काही तासांत स्नायू आखडतात. मांस फ्रिजमध्ये एक दिवस ठेवल्यास त्यातलीच एन्झाइम्स ते सैल करतात.

पाणी, उष्णता आणि वेळ
साधारण ७० अंश सेल्सिअसच्या पुढे कोलॅजेन हळूहळू विरघळून त्याचे जिलेटिन होते. रश्श्याला दाटपणा येतो तो त्यानेच. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने तिथे पाणी साधारण ९८ अंशांना उकळते. प्रेशर कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जाते, म्हणून काम झटपट होते. पण गरजेपेक्षा जास्त शिट्ट्या दिल्या तर धाग्यांतले पाणी निघून जाते आणि मांस कोरडे, चोथ्यासारखे लागते. पहिल्या शिट्टीनंतर आच मंद करून थोडा वेळ शिजवावे, मग तपासून पाहावे.

कच्ची पपई
कच्च्या पपईच्या चिकात पपेन हे प्रथिने तोडणारे एन्झाइम असते. पपई पिकत जाते तसा चीक कमी होतो, म्हणून पिकलेल्या पपईचा उपयोग होत नाही. पपेन ६० ते ७० अंशांना सर्वांत जोमाने काम करते आणि उकळत्या तापमानाला निकामी होते. ते मांसात खोलवर शिरत नाही. त्यामुळे कबाबाच्या लहान तुकड्यांना पपई उपयोगी पडते, पण कुकरमधल्या रश्श्याला तिची गरज नसते. अर्धा किलो मटणाला सालासकट वाटलेल्या पपईचा एक चमचा आणि तासभर वेळ पुरतो. रात्रभर ठेवल्यास वरचा थर पिठूळ होतो. लॅटेक्सची ॲलर्जी असलेल्यांनी कच्ची पपई टाळावी.

दही, लिंबू आणि मीठ
दही आणि लिंबातल्या आम्लाचा परिणाम सौम्य आणि वरवरचा असतो. मीठ मात्र आत मुरते आणि शिजताना मांसातले पाणी धरून ठेवायला मदत करते, म्हणून ते आधीच चोळावे. मुरवत ठेवलेले मटण ओट्यावर न ठेवता फ्रिजमध्येच ठेवावे.

थोडक्यात, मान, खांदा आणि पाय यांच्यासाठी कुकर किंवा मंद आच वापरावी. भाजायच्या मांसासाठी कोवळा भाग निवडून मीठ, दही आणि थोडी पपई लावावी.