गळा गेला, गाणे राहिले



वसंतातल्या या व्याख्यानमालेत गाण्यावर बोलावयास कामगार संघटनेचा माणूस उभा राहिला, याचे आपणांस नवल वाटेल. मी गाणे शिकलेलो नाही, शाळाही सातवीपर्यंतच. परंतु गळा हे माझेही हत्यार आहे. कारखान्याच्या फाटकावर पंचवीस वर्षे बोललो. त्यांतली पहिली दहा वर्षे एका वडीलधाऱ्या पुढाऱ्याच्या आवाजात बोललो. त्यांची गर्जना माझ्या गळ्याला पेलली नाही. एके दिवशी आवाज बसला, तो तीन महिने उठला नाही. त्या सक्तीच्या मौनात गवयांची चरित्रे वाचली आणि एक प्रश्न मनात घर करून बसला : गायकाला स्वतःचा आवाज सापडतो तरी कसा?

अल्लादिया खाँसाहेबांचे उदाहरण घ्या. १८५५ साली धृपदियांच्या घराण्यात जन्म, चुलते जहांगीर खाँ यांच्याकडे कडक तालीम. पुढे अमलेटा संस्थानात असताना गाण्याचा अतिरेक झाला आणि तरुणपणीच आवाज गेला. परत आला तो पहिल्यासारखा नव्हता. दुसरा एखादा हताश झाला असता. खाँसाहेबांनी उरलेल्या आवाजाचा हिशेब मांडला. गोडव्यावर भिस्त न ठेवता लयीत घट्ट बसविलेल्या, वळणावळणाच्या ताना आणि अनवट राग यांची गायकी रचली. तीच जयपूर-अत्रौली. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर, दोघीही गोव्याच्या आणि दोघीही याच गायकीच्या. पण एकीचे गाणे दुसरीचे म्हणून खपावयाचे नाही. तंत्र गुरूचे, आवाज ज्याचा त्याचा.

दुसरे उदाहरण कुमार गंधर्वांचे. १९२४ साली बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे जन्मलेला हा मुलगा मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून हुबेहूब गात असे. लोक थक्क होत. १९३६ च्या सुमारास तो मुंबईला प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे आला. देवधर मास्तरांना एकाच घराण्याची कुंपणे मान्य नव्हती. विचार करून गावे, ही त्यांची शिकवण. तरीही खरी कसोटी पुढेच होती. १९४८ साली कुमार देवासला राहावयास गेले. क्षयाने एक फुफ्फुस निकामी केले आणि डॉक्टरांनी गाण्याला बंदी घातली. सुमारे पाच वर्षे हा गवई गप्प होता. कान मात्र उघडे होते. दारावरून जाणारी माळव्याची लोकगीते त्यांनी ऐकली, टिपून ठेवली आणि त्या धुनांच्या पोटातून मालवती, लगनगंधार असे नवे राग काढले. १९५३ मध्ये ते पुन्हा गाऊ लागले, तेव्हा लांब दमाच्या जागी छोटे, धारदार स्वरसमूह होते, मध्ये अर्थपूर्ण विराम होते, आणि तंबोऱ्याच्या सुरेलपणाबद्दल विलक्षण आग्रह होता.

एक फुफ्फुस गेले म्हणून ही गायकी झाली, असे मात्र समजू नये. तसे असते तर क्षयाच्या प्रत्येक रोग्याची गायकी झाली असती! आजाराने जुनी वाट बंद केली एवढेच; नवी वाट चिंतनाने आणि मेहनतीने पडली. पहाटे खर्ज भरावा, आकार मोकळा करावा, आपल्या गळ्याची हद्द ओळखावी. हे कोणालाही चुकलेले नाही. नक्कल ही शिकण्याची पहिली पायरी खरी, पण पायरीवर कोणी बिऱ्हाड थाटत नाही.

आता माझ्या धंद्याची गोष्ट सांगतो. खाँसाहेबांना पुढे कोल्हापुरात शाहू महाराजांचा आश्रय मिळाला. कुमारांच्या आजारपणात पत्नी भानुमतीबाईंनी शुश्रूषा केली, संसार सावरला. क्षयावरची नवी औषधेही त्या सुमारास मिळू लागली होती. गिरणगावच्या चाळींतही क्षय होता आणि गळेही होते. भजनी मंडळांतून, तमाशांतून, शाहिरी फडांतून ते गात. त्यांच्यापैकी कितीजणांना पाच वर्षांची विश्रांती परवडली असती? स्वतःचा आवाज सापडावयास प्रतिभा लागते, रियाज लागतो. पण त्याआधी भाकरी आणि फुरसत लागते. आठ तासांच्या कामासाठी लढणारा माणूस गाण्यासाठीही लढत असतो, असे मी मानतो.

माझा आवाज परत आला, पण गर्जना गेली. आता मी खालच्या पट्टीत बोलतो. लोक जवळ सरकून ऐकतात.