राजाच्या वाढदिवसाचा ऑपेरा

आपल्यासाठी 'ऑपेरा हाऊस' म्हणजे मुंबईतला चर्नी रोडजवळचा भाग. आणि ऑपेरा म्हणजे श्रीमंतांची करमणूक. सुरुवात तशीच झाली हे खरं. १६०० च्या सुमारास इटलीत, फ्लोरेन्सच्या दरबारी मंडळींत हा प्रकार जन्मला. पण १६३७ साली व्हेनिसमध्ये पैसे मोजून कुणालाही जाता येईल असं थिएटर उघडलं आणि दरबाराबाहेरचा माणूस आत शिरला. (आपलं संगीत नाटक जवळचं वाटतं, पण त्यात गद्य संवाद असतात. इथे भांडण, निरोप, बहुतेक सगळं गाऊनच!)

आता २५ ऑगस्ट १८३० ची ब्रसेल्समधली रात्र बघा. बेल्जियम नावाचा स्वतंत्र देश तेव्हा नव्हताच. नेपोलियन पडल्यावर १८१५ मध्ये बड्या सत्तांनी हा मुलूख डच राजा पहिला विल्यम याच्या राज्याला जोडून टाकलेला. इकडची लोकसंख्या जास्त, तरी प्रतिनिधी दोन्हीकडचे सारखेच. लोक कॅथलिक, राजा प्रॉटेस्टंट. त्यात पाव महागलेला, हाताला काम नाही. आणि महिन्याभरापूर्वीच पॅरिसच्या लोकांनी आपला राजा हाकलून दिलेला.

अशा वेळी राजाच्या वाढदिवसानिमित्त ला मोने थिएटरात कोणता ऑपेरा लावावा? ऑबेरचा 'ला म्युएत द पोर्तिची'! म्हणजे १६४७ साली नेपल्समध्ये स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठलेल्या मासानिएलो या कोळ्याची गोष्ट. गंमत म्हणजे नायिका मुकी आहे, ती एकही सूर गात नाही. दुसऱ्या अंकात दोघे मित्र मायभूमीसाठी शपथ घेतात, त्या युगुलगीताला प्रेक्षागृह पेटलं. लोक बाहेर आले, रस्त्यावर जमाव होताच. सरकारधार्जिण्या वर्तमानपत्रावर हल्ला झाला, न्यायमंत्र्याचं घर जाळलं गेलं. ४ ऑक्टोबरला बेल्जियमचं स्वातंत्र्य जाहीर झालं.

'गाण्याने क्रांती केली' असं सांगायला मजा येते, पण मला ते पटत नाही. पावाचे भाव काही ऑबेरने वाढवले नव्हते. मात्र घरात एकेकटा चरफडणारा माणूस त्या रात्री शेकडो लोकांत बसला होता, आणि त्याच्यासारखेच बाकीचेही त्याच ओळीला टाळ्या देत होते. हे त्याला दुसरीकडे कुठे दिसणार होतं?

आणि ऑपेराचा शेवट? बंड फसतं. मासानिएलो आपल्याच माणसांच्या हातून मारला जातो, व्हेसुव्हियस भडकतो, मुकी नायिका लाव्ह्यात उडी घेते. ब्रसेल्सने त्यातला फक्त दुसरा अंक उचलला.