माळराने, दख्खनची : व्यवस्थापन

सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेत पुणे, अहिल्यानगर, सोलापूर, सातारा व सांगली या जिल्ह्यांत विखुरलेल्या गवताळ जमिनी. पाऊस वर्षाला साधारण 400 ते 650 मिमी, तोही मोजक्या दिवसांत. जमीन उथळ व मुरमाड. जंगल तोडल्यामुळे माळ उघडा पडला, असा समज फार काळ रूढ होता. मध्ययुगीन मराठी साहित्यातील गवताच्या व काटेरी झुडपांच्या वर्णनांवरून माळराने त्याहून बरीच जुनी असल्याचे दिसते. महसुली दप्तरात मात्र त्यांतील बरीच जमीन पडीक म्हणूनच नोंदली गेली. त्यांच्या आजच्या हलाखीचे एक मोठे कारण हेच आहे.

चांगल्या माळावर पवना व मारवेल ही बहुवर्षायू, सकस गवते असतात. भारतातील गवताळ प्रदेशांच्या 1973 मध्ये प्रसिद्ध झालेल्या वर्गीकरणात पाच प्रमुख प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी द्वीपकल्पाचा प्रकार याच दोन गवतांच्या प्रजातींवरून ओळखला जातो. चराईचा ताण वाढला की ती मागे हटतात आणि कुसळी पसरते. कुसळीची टोकदार बीजे मेंढीच्या लोकरीत अडकून कातडीत रुततात. त्याहीपुढे माळ बिघडला, तर एकवर्षायू हलकी गवते, तरोटा आणि उघडा मुरूम एवढेच उरते. त्यामुळे माळाची अवस्था जाणकाराला गवताच्या जातींवरूनच कळते.

व्यवस्थापनात सर्वांत नाजूक काळ जून-जुलैचा. पहिल्या पावसानंतर फुटणारा कोंब मुळांत साठवलेल्या अन्नावर वाढतो. दोन-तीन पाने येताच जनावरांनी तो पुन्हा पुन्हा खुडला, तर साठा संपतो, मुळे आखडतात आणि पुढच्या उघडिपीत ठोंब मरतो. म्हणून गवत हातभर वाढेपर्यंत माळ बंद ठेवावा लागतो. मोठ्या कुरणाचे चार भाग पाडून दरवर्षी पाळीपाळीने एका भागाला पूर्ण पावसाळा विश्रांती दिल्यास त्या भागात बी पडून नवी रोपेही येतात. कापणी फुलोऱ्याच्या सुमारास, जमिनीपासून चार बोटे वर करावी. गवत वाळून पिवळे पडेपर्यंत थांबल्यास त्यातील प्रथिने बरीच घटतात. वणव्याने पवन्यापेक्षा कुसळीचेच अधिक फावते.

किती जनावरे सोडायची, हे गवताच्या उत्पन्नावरून ठरते. समजा, हेक्टरी एक टन वाळले गवत निघते. त्यातले निम्मे जमिनीसाठी राखले, तर 500 किलो हाती उरते. 300 किलो वजनाच्या गाईला रोज सुमारे साडेसात किलो कोरडा चारा लागतो, म्हणजे वर्षाला पावणेतीन टनांच्या आसपास. निव्वळ चराईवर अशा एका गाईला साडेपाच हेक्टर माळ हवा. गावोगावची गायराने या हिशेबात क्वचितच बसतात.

हिवरे बाजारसारख्या गावांनी मोकाट चराई बंद करून गवत विळ्याने कापून नेण्याची पद्धत आणली आणि माळ सावरला. मात्र सरसकट चराईबंदीचा भार भूमिहीन शेळीपालकांवर व फिरत्या धनगरांवर पडतो. धनगरांचे स्थलांतर ही मुळात माळाला विश्रांती देणारी व्यवस्था आहे: दिवाळीच्या सुमारास अनेक कळप कोकणाकडे उतरतात, वाटेत शेतात मेंढ्या बसवून शेतकऱ्याला खत देतात आणि पावसाळ्यात पुन्हा माळावर येतात. वाटा व गायराने अडवली गेली की तोच कळप एका जागी कोंडला जातो. चराईचे नियम या कुटुंबांना सोबत घेऊनच ठरवायला हवेत.

माळावर चर खोदून गिरिपुष्प, सुबाभूळ यांसारखी झाडे दाटीने लावणे हा सुधारणेच्या नावाखाली होणारा घात आहे. सावलीने गवत विरळ होते आणि मोकळी नजर लागणारे माळढोक, धाविक, काळवीट यांचा अधिवास संपतो. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात (स्थापना 1979) माळढोक आता जवळजवळ दिसेनासा झाला आहे. शेतीचा व सिंचनाचा विस्तार, शिकार आणि विजेच्या तारा ही त्याच्या ऱ्हासाची इतर कारणे. बिघडलेल्या माळावर मारवेल, पवना यांचे बी किंवा ठोंब आणि त्यांच्या जोडीला स्टायलोसारखे द्विदल चारापीक लावून दोन पावसाळे राखण केल्यास झाडे न लावताही जमीन झाकली जाते.