आर्ब्वाचा द्राक्षमळा

फ्रान्सच्या पूर्वेला, स्वित्झर्लंडच्या सीमेलगत ज्यूरा हा डोंगराळ मुलूख आहे. भूशास्त्रातला ‘ज्युरासिक’ हा शब्द याच डोंगरांवरून आला. डोंगराच्या पायथ्याशी आर्ब्वा नावाचं छोटं गाव आहे. आजूबाजूच्या उतारांवर शेकडो वर्षांपासून द्राक्षं पिकतात. फ्रान्समध्ये वाइनच्या स्थाननामांना कायद्याचं संरक्षण १९३६ साली मिळू लागलं, तेव्हा सुरुवातीच्या काही नावांमध्ये आर्ब्वा होतं.

गावात येणारे प्रवासी सें-ज्यूस्त चर्चचा मनोरा पाहतात, पिवळ्या वाइनची तळघरं पाहतात. ही वाइन पिंपात सहा वर्षांहून अधिक काळ ठेवतात आणि तिच्यावर यीस्टची पातळ साय धरू देतात. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी अनेक घड एकत्र बांधून केलेला एक प्रचंड घड खांद्यावरून मिरवत चर्चमध्ये नेतात. पण शिक्षकांनी पाहावं असं इथलं ठिकाण म्हणजे क्विझांस नदीच्या काठावरचं एक घर. इथे लुई पाश्चर लहानाचा मोठा झाला.

पाश्चरचा जन्म १८२२ साली जवळच्याच दोल गावी झाला. वडील कातडी कमावण्याचा धंदा करत. या कामाला पाणी भरपूर लागतं, म्हणून घर नदीला लागून. पुढे पॅरिसमध्ये नाव झाल्यावरही पाश्चर सुट्टीत इथेच येई. त्याने घर वाढवलं, घरातच प्रयोगशाळा थाटली. आज तिथे संग्रहालय आहे. गावाबाहेर रोझिएर इथे त्याने १८७४ साली एक छोटा द्राक्षमळा विकत घेतला. तिथे अजूनही द्राक्षवेली आहेत. वरवर पाहता त्यात विशेष काही नाही. पण १८७८ साली या मळ्यात एक असा प्रयोग झाला, की तो मुलांना जरूर सांगावा.

त्या वर्षी फेब्रुवारीत क्लोद बर्नार हा थोर शरीरशास्त्रज्ञ वारला. बर्नार पाश्चरचा मित्र होता. १८६६ साली तो आजारी असताना त्याला धीर यावा म्हणून पाश्चरने त्याच्या कामाचा गौरव करणारा लेख लिहिला होता. बर्नारच्या मृत्यूनंतर त्याच्या कागदांत काही टिपणं सापडली आणि रसायनशास्त्रज्ञ बर्तलोने ती जुलैमध्ये छापली. त्यांत बर्नारने लिहिलं होतं की द्राक्षाच्या रसात अल्कोहोल तयार व्हायला सजीव यीस्टची गरज नाही. रसातच असा एखादा विरघळणारा पदार्थ निर्माण होतो, की जो हे काम करतो.

पाश्चरला हा मोठाच धक्का होता. किण्वन हे सूक्ष्मजीवांचं काम आहे, असं तो १८५७ पासून मांडत होता. रोगांमागेही जंतू असतात, हे तो त्याच सुमारास वैद्यांना पटवून देऊ पाहत होता. मूळ विचारच डळमळला, तर पुढचं सगळंच डळमळणार. शिवाय ज्याच्याशी वाद घालायचा तो मित्र उत्तर द्यायला हयात नव्हता. गप्प बसावं तर सिद्धांत जातो, बोलावं तर मृत मित्राची अप्रतिष्ठा होते. पाश्चरने ठरवलं, उत्तर द्यायचं ते प्रयोगानेच.

त्याचा तर्क साधा होता. यीस्ट द्राक्षाच्या आतून येत नसेल, तर ते बाहेरून सालीवर येऊन बसत असणार. द्राक्षं हिरवी असताना त्याने सालीवर शोध घेतला, तेव्हा यीस्ट मिळालं नाही. मग त्याने घाईने काचघरं बनवून घेतली आणि ऑगस्टच्या सुरुवातीला मळ्यातल्या काही वेली त्यांत झाकून टाकल्या. आतले काही घड तापवून निर्जंतुक केलेल्या कापसात गुंडाळले. बाकीच्या वेली उघड्याच ठेवल्या. त्या वेळी पाश्चर ५५ वर्षांचा होता. १८६८ साली आलेल्या अर्धांगवायूमुळे त्याची डावी बाजू अधू झाली होती.

ऑक्टोबरमध्ये दोन्हीकडची द्राक्षं पिकली. त्यांचा रस काढून उबदार जागी ठेवला. उघड्या द्राक्षांचा रस दीड-दोन दिवसांत फसफसला. कापसात गुंडाळलेल्या घडांचा रस मात्र जसाच्या तसा राहिला. पाश्चर इथेच थांबला नाही. काचघरातले काही घड त्याने कापूस काढून उघड्या वेलींवर टांगले. काही दिवसांनी त्यांचा रसही फसफसू लागला. म्हणजे झाकलेल्या द्राक्षांत काही कमी नव्हतं, फक्त बाहेरून येणारं यीस्ट त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं. हे सारं त्याने १८७९ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केलं.

गोष्ट इथे संपली असती, तर पाश्चर जिंकला आणि बर्नार हरला असं म्हणता आलं असतं. पण १८९७ साली जर्मनीत एडुआर्ट बुखनरने यीस्ट वाळूबरोबर घोटलं, दाबून त्याचा रस काढला आणि त्यात साखर घातली. एकही जिवंत पेशी नसताना बुडबुडे येऊ लागले, अल्कोहोल तयार झालं! हे काम यीस्टमधली विकरं करतात. याबद्दल बुखनरला १९०७ साली रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. पाश्चर १८९५ सालीच वारला होता.

मग बरोबर कोण होतं? विकर द्राक्षात आपोआप बनतं, हे बर्नारचं म्हणणं चुकीचं होतं. पण काम निर्जीव पदार्थ करतो, ही त्याची कल्पना खरी निघाली. यीस्ट बाहेरून येतं, हे पाश्चरचं म्हणणं बरोबर होतं. त्यासाठी पेशी जिवंतच हवी, हे मात्र नाही. काचघरांनी ‘यीस्ट कुठून येतं?’ या प्रश्नाचं चोख उत्तर दिलं होतं. ‘यीस्ट आतून कसं काम करतं?’ हा प्रश्न त्यांना विचारलेलाच नव्हता.

वर्गात हा प्रयोग सांगताना उत्तर लगेच देऊ नये. आधी मुलांना विचारावं: काही वेली उघड्या का ठेवल्या? झाकलेले घड पुन्हा उघड्यावर का टांगले? ही दुसरी पायरी नसती, तर बर्नारच्या बाजूने कोणता आक्षेप घेता आला असता? या तिसऱ्या प्रश्नावर तास संपला, तरी चालेल.