तीनशे फूट रस्ता : एक जुना हिशोब

‘सोसायटीच्या सुरुवातीच्या दिवसांवर काहीतरी लिहा,’ असं स्मरणिका समितीने सांगितलं, तेव्हा मी आधी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. २००३ ते २०१३ अशी दहा वर्षं मी आपल्या सोसायटीची खजिनदार होते. बँकेत नोकरी, त्यामुळे ‘हिशोब यांच्याकडेच द्या’ असं सगळ्यांनी परस्पर ठरवलं होतं. पेटीत पावत्या, इतिवृत्तांच्या वह्या आणि एक जाड पिवळी फाइल निघाली. फाइलवर माझ्याच अक्षरात लिहिलंय – ‘रस्ता’.

आज मुलं गेटपासून गावठाणाच्या रस्त्यापर्यंत त्या पदपथावरून सायकली चालवतात. त्या तीनशे फुटांसाठी काय काय झालं, हे नव्या सभासदांना ठाऊक नाही. म्हणून तोच इतिहास लिहिते.

१९९७ मध्ये पुण्याच्या हद्दीत ३८ गावं आली, त्यात आपली धनकवडीही होती. आपण २००० साली इथं राहायला आलो ते कागदावर शहरात, प्रत्यक्षात चिखलात. पाणी टँकरचं. पावसाळ्यात नवरा-बायको हातात चपला घेऊन गावठाणाच्या रस्त्यापर्यंत चालत जायचे आणि तिथं पाय धुऊन बस पकडायचे. पहिल्या वर्षी आपण प्रत्येक घराकडून २,००० रुपये काढले, ४८ घरांचे ९६,००० जमले आणि मुरूम टाकून घेतला. दुसऱ्या पावसात तो अर्धा वाहून गेला. तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, ‘सरकारी निधी आणू या की!’

निधी आणायचा म्हणजे काय, हे आम्हाला कुठे माहीत होतं? आम्हाला वाटायचं, खासदार-आमदारांकडे पैशाची थैली असते, नीट विनंती केली की मिळते. चौकशी केल्यावर कळलं की खासदार निधी १९९३ च्या डिसेंबरात सुरू झाला आणि तेव्हा तो वर्षाला २ कोटी होता. पण तो पैसा खासदाराच्या हातात येतच नाही. खासदार कामाची शिफारस करतो, मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. शिवाय २ कोटी अख्ख्या मतदारसंघाला. त्यात आमच्या तीनशे फुटांचा नंबर कधी लागणार?

त्याच काळात मोठा पैसा मात्र आमच्या उशाशीच येत होता. डिसेंबर २००५ मध्ये केंद्राची जेएनएनयूआरएम योजना सुरू झाली. पुण्यासारख्या शहराला प्रकल्पाच्या खर्चात केंद्राचा वाटा ५० टक्के, राज्याचा २० आणि उरलेले ३० टक्के महापालिकेने घालायचे. त्या मदतीतून सातारा रस्त्यावर बीआरटी आली. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बस मधल्या लेनमधून धावू लागली. देशातला हा पहिलाच प्रयोग म्हणून बाहेरगावचे लोक बघायला यायचे. २००७ मध्ये पीएमटी आणि पीसीएमटी एकत्र होऊन पीएमपीएमएल झाली. पेपरात रोज कोटींचे आकडे असायचे. आणि आमच्या गेटसमोरचं गटार उघडंच होतं.

त्या गटाराची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. जुलै २००७. रस्त्यावर गुडघाभर पाणी. आपल्याकडे चार घरी काम करणाऱ्या मावशी बसमधून उतरून येत होत्या. पाण्याखाली गटार कुठे सुरू होतं ते दिसलं नाही. पाय गेला, मनगट मोडलं. दोन महिने त्यांचं काम बंद. चारही घरांनी मिळून पगार आणि प्लास्टरचे पैसे दिले, आणि आम्हाला वाटलं आपण आपलं कर्तव्य केलं. गटारासाठी पहिला अर्ज करायला मात्र आणखी वर्ष गेलं. हे मला आजही टोचतं.

२००८ मध्ये आमच्या तेव्हाच्या सेक्रेटरींनी एक माहिती आणली. महापालिकेने २००६ पासून नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक सुरू केलं होतं. क्षेत्रीय कार्यालयातून साधा फॉर्म घ्यायचा, आपल्या भागातलं ५ लाखांपर्यंतचं काम सुचवायचं – पदपथ, पावसाळी गटार, दिवे, बाक, बसथांबा. प्रभाग समितीला पटलं की काम पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात येतं. ना ओळख लागते, ना शिफारस. आम्ही बंद गटार आणि त्यावर पदपथ असं काम सुचवलं. २००९-१० च्या अंदाजपत्रकात ते छापूनही आलं. आम्ही पेढे वाटले. आता त्याचं हसू येतं.

कारण मोजणीला आलेल्या अभियंत्यांनी दोन प्रश्न विचारले. पहिला – रस्ता कुणाच्या नावावर आहे? मंजूर नकाशात तो रस्ता होता, पण सातबाऱ्यावर अजून मूळ जमीनमालकांचं नाव. महापालिका आपल्या ताब्यात नसलेल्या जागेवर पैसा खर्च करू शकत नाही. दुसरा प्रश्न त्याहून अवघड. नकाशात रस्ता ९ मीटर, जागेवर साडेसात. दीड मीटर गेला कुठे? टेप धरली, आणि टेप आपल्याच कंपाउंडच्या भिंतीच्या आत गेली.

म्हणजे पाच फूट आपणच बाहेर आलो होतो! भिंत बांधताना कुणाच्या लक्षात आलं नाही, की आलं आणि कुणी बोललं नाही, हे आता विचारण्यात अर्थ नाही. त्या पाच फुटांमुळे आतल्या बाजूला गाड्यांची एक रांग जास्त लागत होती. त्या रांगेत माझीही गाडी होती.

भिंत मागे घ्यायची की नाही यावर वर्षभर घोळ चालला. ‘बसने येतं कोण? बाहेरचेच ना? मग त्यांच्यासाठी आपली जागा का सोडायची?’ ‘रस्ता महापालिकेला दिला की सगळी दुनिया इथून जाईल.’ पहिली सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली, दुसरी भांडणात संपली. आणि ३१ मार्च २०१० ला आमची तरतूद लॅप्स झाली. बँकेत काम करून मला ते कळायला हवं होतं. वर्ष संपलं की ते हेडही संपतं, पैसा तुमच्यासाठी थांबत नाही. यात दुसऱ्या कुणाचाच दोष नव्हता.

जून २०१० च्या विशेष सर्वसाधारण सभेत पुन्हा तो विषय आला. चर्चा तापली तेव्हा आमचे पहिले चेअरमन उठले. म्हणाले, ‘केंद्राने जेएनएनयूआरएमचे पैसे देताना राज्यांना नागरी कमाल जमीन धारणा कायदा रद्द करायची अट घातली, आणि २००७ मध्ये महाराष्ट्राने तो रद्द केलासुद्धा. तो निर्णय बरोबर की चूक ते बाजूला ठेवा. पण अनुदानासाठी सरकारला कायदा बदलावा लागतो, आणि आपल्याला एक भिंत हलवता येत नाही?’ मतदान झालं. हजर ४३, बाजूने २४, विरोधात १९.

त्या १९ मध्ये मी होते. इतिवृत्तात नावं नाहीत, पण रौप्यमहोत्सवी वर्षात सांगून टाकते. मावशींचं मनगट माहीत असूनही मी गाडीच्या जागेला मत दिलं. सभेनंतर भिंतीच्या खर्चाचे प्रत्येकी ३,००० रुपये गोळा करायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं, आणि दारोदार फिरताना प्रत्येकाला मीच पटवून देत होते.

राहिली ताबेपावती. मूळ मालकांचं कुटुंब गावठाणातच. आम्ही चौघं दिवाळीचा फराळ घेऊन गेलो. घरातल्या आजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच अट घातली – कोपऱ्यावरच्या म्हसोबाला हात लावायचा नाही. आम्ही तिथल्या तिथे कबूल केलं. म्हणूनच आपला पदपथ त्या कोपऱ्यावर वळसा घेतो. ‘इंजिनिअरने चुकवलंय’ असं मुलं म्हणतात, ते चुकलेलं नाही.

पुन्हा अर्ज केला. २०११-१२ च्या अंदाजपत्रकात ४ लाख ६० हजारांची तरतूद आली आणि फेब्रुवारी २०१२ च्या महापालिका निवडणुकीआधी काम पूर्ण झालं. पुढे तोंडावरच्या थांब्याची शेड नगरसेवकांच्या ‘स’ यादीतून, पीएमपीएमएलची ना-हरकत घेऊन उभी राहिली. तोवर तिथं नुसता खांब आणि पाटी होती. शेडखाली पहिल्या पावसात मावशी उभ्या दिसल्या, तेव्हा मी खाली जाऊन त्यांच्याशी दोन शब्द बोलले. मत काय दिलं होतं ते मात्र सांगितलं नाही.

अनुदान एकदाच येतं, हे त्यानंतर शिकलो. २०१४ मध्ये गटाराची दोन झाकणं चोरीला गेली. दुरुस्तीचं हेड वेगळं, अर्ज वेगळा. तेव्हापासून आपण दर पावसाळ्याआधी झाकणं मोजतो आणि फोटोसह पत्र देतो. हे काम कृपया बंद पाडू नका.

आता काळ बदललाय. जकात गेली, २०१३ मध्ये एलबीटी आला, तोही गेला, २०१७ पासून जीएसटी. महापालिकेला आता राज्याकडून दरमहा भरपाई मिळते, म्हणजे शहरसुद्धा दुसऱ्याच्या अनुदानाकडे डोळे लावून असतं. मार्च २०२२ पासून काही वर्षं महापालिकेवर प्रशासक होता, त्यामुळे त्या काळात ‘नगरसेवकांना सांगू’ ही सोयही नव्हती. दुसरीकडे स्वारगेट-कात्रज भुयारी मेट्रोला ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, सुमारे २,९५४ कोटींची. आनंदच आहे. पण मेट्रोतून उतरल्यावर घरापर्यंतचा पदपथ, दिवा आणि गटाराचं झाकण त्या कोटींत असेलच असं नाही. त्यासाठी कुणाला तरी फॉर्म भरावा लागेल, आणि कदाचित पुन्हा स्वतःचीच भिंत मोजावी लागेल.

पिवळी फाइल मी ऑफिसच्या कपाटात ठेवली आहे. ताबेपावतीची प्रत, मोजणीचा नकाशा, दोन्ही ठराव, सगळं क्रमाने लावलंय. कार्यकारिणीत येणाऱ्या तरुण मंडळींनी ती एकदा वाचावी, आणि शेवटच्या पानामागे कोरे कागद लावलेत, त्यावर पुढचं लिहावं.

– एक माजी खजिनदार, ए विंग