ताकाची निवळ, ग्लिसरीनची बाटली आणि भाचीचा चेहरा



आपल्या इथे वाडे, गणेशोत्सव, नाटक मंडळ्या यांच्या आठवणी भरपूर येतात. आज मी जरा वेगळी आठवण सांगते. चेहऱ्याला काय लावायचं, याची. विषय किरकोळ वाटेल, पण आमच्या घरात मागच्या वर्षी त्यावरून रडारड झाली, आणि त्यात माझीही चूक होती. म्हणून लिहिते आहे.

आमचं घर इंदूरच्या रामबागेतलं. पणजोबा होळकरांच्या कचेरीत कारकुनीला आले आणि इथलेच झाले. 1960-70 च्या दशकातलं माझं लहानपण. दिवाळीच्या आधी आजी सियागंजातून उटण्याचं सामान मागवायची. मसूर डाळ, आंबेहळद, नागरमोथा, गव्हला कचोरा, वाळा, वाळवलेल्या संत्र्याच्या साली. घरीच कुटायचं, वस्त्रगाळ करायचं. नरकचतुर्दशीला पहाटे पाटावर बसवून आधी तेल. चांगलं जिरेपर्यंत तेल. मग दुधात कालवलेलं उटणं. कुणी घाईत आधी उटण्याला हात घातला की आजी ओरडायची, "अगं, आधी तेल, मग उटणं! कातडी सोलायची आहे का?"

तेव्हा ते नुसतं दटावणं वाटायचं. आज कळतं, की घासणाऱ्या वस्तूच्या आधी सांभाळणारी वस्तू लावायची, हा त्यातला नेम होता.

वर्षभराचा प्रकार वेगळा. उन्हाळ्यात आई ताक घुसळलं की वरची निवळ वाटीत काढायची आणि आम्हा मुलींच्या चेहऱ्याला लावायची. थोडं चुरचुरायचं. पाच-दहा मिनिटांनी साध्या पाण्याने धुवायचं. माळव्याच्या थंडीत गाल फुटले की कपाटातून ग्लिसरीन-गुलाबपाण्याची बाटली निघायची. टाचांना भिरंडेल. कोकणातल्या नातेवाइकांकडून त्याचे पांढरट गोळे यायचे, दिव्यावर पातळ करून लावायचे. इंदूरला येऊन तीन पिढ्या झाल्या तरी कोकमाचं तेल काही सुटलं नव्हतं.

आता या वाटीचा आणि बाटलीचा इतिहास ऐका, मला तो फार गमतीचा वाटला. ताक आंबट लागतं ते लॅक्टिक आम्लामुळे. हे आम्ल 1780 साली आंबलेल्या दुधातून वेगळं काढलं स्वीडनच्या कार्ल विल्हेल्म शीले यांनी. पेशाने औषधविक्रेते, च्योपिंग नावाच्या छोट्या गावात दुकान. आणि ग्लिसरीन? तेही त्यांनीच, 1779 साली. ऑलिव्हचं तेल शिशाच्या ऑक्साइडबरोबर तापवताना त्यांना एक गोड, दाट द्रव मिळाला. म्हणजे त्वचेचा वरचा थर सैल करणारं आंबट आणि त्वचेत ओलावा धरून ठेवणारं गोड, दोन्ही एकाच माणसाच्या हातून, एका वर्षाच्या अंतराने जगापुढे आलं. आमच्या आईला शीले ठाऊक असण्याचं कारण नाही. पण तिच्या कपाटात ही जोडी होतीच.

आम्लाने त्वचा सोलण्याचं शास्त्र डॉक्टरांकडे गेलं ते पुढे. 1882 मध्ये जर्मनीत हँबुर्गचे त्वचारोगतज्ज्ञ पॉल उना यांनी सॅलिसिलिक आम्ल, रिसॉर्सिनॉल, फिनॉल, ट्रायक्लोरोअॅसिटिक आम्ल यांचा त्वचेवर काय परिणाम होतो ते नोंदवलं. 1974 मध्ये अमेरिकेत युजीन व्हॅन स्कॉट आणि रुई यू या दोघांनी ग्लायकोलिक, लॅक्टिक अशा फळा-दुधातल्या आम्लांवर निबंध लिहिला. तो कुणाला गोरं करण्यासाठी नव्हता, बरं का. ज्यांची कातडी जन्मापासून माशाच्या खवल्यांसारखी जाड, कोरडी असते, त्या रुग्णांसाठी होता. त्यांचे खवले या आम्लांनी सुटत होते. सौंदर्यप्रसाधनांच्या बाजारात ही आम्लं धडाक्यात आली ती 1990 च्या दशकात. आजाऱ्याचं औषध होतं, ते हळूहळू लग्नाआधीची तयारी झालं.

आणि इथे माझी भाची येते.

तिच्या स्थळासाठी पुण्याला फोटो पाठवायचा होता. आपल्यासारख्या बाहेरगावच्या मराठी घरांत हे अजून चालतं. फोटो बघून मी बोलून गेले, "छान आलाय, जरा सावळी दिसतेस एवढंच." बोलले आणि विसरले. ती विसरली नाही. तिने घरबसल्या एक बाटली मागवली, ग्लायकोलिक आम्ल तीस टक्के. बाटलीवर वापर घरी करावा की दवाखान्यात, याचा पत्ता नव्हता. रात्री लावलं. जास्त गुण यावा म्हणून सांगितल्यापेक्षा जास्त वेळ ठेवलं. दुसऱ्या दिवशी चेहरा ओढला, तर "नॅचरल आहे ना" म्हणून लिंबू पिळलेलं उटणं चोळलं. आणि दुपारी स्कूटरवरून, वैशाखाच्या उन्हात, राजवाड्याला खरेदीला.

संध्याकाळी माझ्याकडे आली तेव्हा गाल लालबुंद, कपाळावर पाणी सुटलेलं. मी म्हटलं, "हे काय करून राहिलीस तू?" ती एवढंच म्हणाली, "आत्या, तूच म्हणाली होतीस ना."

मंडळी, त्या वाक्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं ते साध्या शब्दांत असं. त्वचेचा वरचा थर म्हणजे विटांची भिंत. पेशी या विटा, आणि मधला चुना म्हणजे सेरामाइडसारखे स्निग्ध पदार्थ. आम्ल या भिंतीच्या वरच्या विटा सैल करतं. थोड्या सुटल्या तर त्वचा तुकतुकीत दिसते. जास्त सुटल्या तर भिंतीला भोकं पडतात, ओलावा बाहेर जातो आणि जे नको ते आत जातं. त्यावर ऊन लागलं की आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या कातडीत लाली ओसरल्यावर काळे डाग राहतात. उजळायला गेली आणि डाग घेऊन आली. ते फिके व्हायला सात-आठ महिने लागले.

अमेरिकेत या विषयावर विचार झालेला आहे. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या तज्ज्ञसमितीच्या अहवालाने घरी वापरायच्या वस्तूंत ग्लायकोलिक-लॅक्टिक आम्ल दहा टक्क्यांपर्यंत आणि पीएच 3.5 पेक्षा कमी नको, अशी मर्यादा सांगितली. तीस टक्क्यांपर्यंतचं फक्त प्रशिक्षित माणसाच्या हातून, थोडाच वेळ ठेवून, लगेच धुऊन. आणि जुलै 2024 मध्ये तिथल्या एफडीए या सरकारी खात्याने लोकांना जाहीर इशारा दिला, की तीव्र आम्लाचे पील डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय विकत घेऊ नका, वापरू नका, गंभीर इजा होतात. भाचीची बाटली यातलीच.

मग घरी काही करूच नये का? डॉक्टरीणबाईंचं म्हणणं: सौम्य करा, एक वेळी एकच करा, आणि आम्लापेक्षा त्याच्या सोबतीच्या वस्तू आधी निवडा. आजीचंच वाक्य की हो! आधी तेल, मग उटणं. त्यांनी सांगितलेल्या सोबतीच्या वस्तू अशा.

पहिली, चेहरा धुवायची. आपला नेहमीचा साबण अल्कधर्मी, पीएच नऊ-दहाच्या घरातला. त्वचा मुळात किंचित आम्लधर्मी. हे जर्मनीत शाडे आणि मार्किओनिनी यांनी 1928 मध्येच मांडलं होतं. म्हणून पीलच्या दिवसांत साबण नको. फेस कमी येणारं, बिनसाबणाचं, बिनवासाचं क्लेन्झर घ्यायचं. धुतल्यावर चेहरा ताणला जात असेल तर ते तुमच्यासाठी नाही.

दुसरी, ओलावा देणारं साधं क्रीम. ग्लिसरीन आणि सेरामाइड असलेलं. डबीवर 'फ्रेग्रन्स फ्री' लिहिलेलं बघा. 'अनसेंटेड' म्हणजे तेच असं नाही, त्यात कधीकधी मूळ वास झाकायला दुसरा सुगंध घातलेला असतो.

तिसरी, पेट्रोलियम जेली. अमेरिकेच्या तेलविहिरींवर कामगार यंत्राला चिकटणारं मेण भाजलं-कापलं की लावत. ते पाहून रॉबर्ट चेसब्रो यांनी ते शुद्ध केलं आणि 1872 मध्ये पेटंट घेतलं. दीडशे वर्षं झाली, सोललेल्या जागेवर आतला ओलावा रोखायला इतकी स्वस्त वस्तू क्वचितच मिळेल. नाकाच्या कडा, ओठांचे कोपरे इथे आम्ल साचतं, तिथे ते लावण्याआधीच पातळ थर द्यावा.

चौथी, सनस्क्रीन, एसपीएफ 30 किंवा वर. झिंक ऑक्साइडचं असेल तर नाजूक त्वचेला कमी झोंबतं. आम्ल वापरत असताना आणि बंद केल्यावरही आठवडाभर उन्हापासून जपायचं, हे एफडीएनेही 2005 पासून सांगून ठेवलं आहे. वर ओढणी-टोपी आहेच. माळव्याच्या उन्हाला नुसत्या क्रीमवर सोडू नका.

आणि काय नको? त्या दिवसांत उटणं नको, लिंबू नको, दही-ताकही नको. स्क्रब, वॅक्सिंग, थ्रेडिंग, रेटिनॉलचं क्रीम, मुरुमांचं बेन्झॉइल पेरॉक्साइड, सगळं थांबवा. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली गोरेपणाची मलमं तर मुळीच नकोत, त्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. मुरुमांच्या गोळ्या चालू असतील, ओठांवर जर येत असेल, दिवस राहिले असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. नवीन काहीही आधी कानामागे लावून एक दिवस वाट बघा. आणि चुरचुर थांबेना, तर घड्याळाकडे बघत बसू नका, ताबडतोब भरपूर पाण्याने धुवा.

एक गोष्ट मनापासून सांगते. जुनं ते सगळं सौम्य, असं समजू नका. ताकाच्या निवळीत आम्ल असतं साधारण एक टक्क्याच्या आसपास, आणि ती लगेच धुतली जायची. म्हणून निभावलं. लिंबाचा रस कित्येक पटींनी जहाल. आजीचं उटणंही धडधाकट कातडीसाठी होतं, सोललेल्या नव्हे. जुन्या घराकडून घ्यायचा तो क्रम आणि धीर. सगळ्याच वस्तू नाहीत.

भाचीचं पुढे ठरलं. साखरपुड्यात गालावर डाग होते, तिने झाकले नाहीत. मुलाकडच्यांनी विचारलं नाही. विचारणारी, बोलणारी, मापं काढणारी आम्ही घरचीच होतो. फोटो बघून 'जरा सावळी' म्हणणं हेही एक पीलच, आणि त्याच्या बरोबर लावायला सौम्य असं काही बाजारात मिळत नाही.

या दिवाळीला पाटावर तिला मीच तेल लावलं. उटणं बाजूलाच ठेवलं. ती हसून म्हणाली, "आत्या, नुसतं तेलच?" म्हटलं, यंदा एवढंच.

तुमच्या घरी ताकाच्या त्या पाण्याला काय म्हणत? ग्वाल्हेर, बडोदा, बेळगावकडच्यांनी जरूर लिहा. आणि घरातल्या मुलींना फोटो दाखवताना काय बोललात, तेही एकदा आठवून बघा.